उज्जैनचे घर आणि कागदावरचे उत्पन्न

क्षिप्रेच्या काठी २०२८ मध्ये सिंहस्थ भरणार आहे. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘महाकाल लोक’ खुले झाल्यापासून उज्जैनकडे येणाऱ्या यात्रेकरूंचा ओघ वाढला आणि डिसेंबर २०२३ मध्ये याच शहरातील आमदार मोहन यादव मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाल्यावर विकासकामांना वेग आला. हॉटेले, धर्मशाळा आणि होम स्टे यांसाठी जमिनीला मागणी आली. दुसरीकडे, सिंहस्थासाठी राखीव असलेल्या क्षेत्रात पक्क्या बांधकामावर निर्बंध आहेत. तेथे लँड पूलिंगद्वारे कायमस्वरूपी नगर वसविण्याची सरकारची योजना शेतकऱ्यांच्या विरोधामुळे २०२५ च्या अखेरीस मागे घ्यावी लागली. मागणी वाढती आणि जागा मर्यादित, अशा शहरात फुले-प्रसाद विकणाऱ्याने, ई-रिक्षा चालविणाऱ्याने किंवा छोट्या लॉजच्या व्यवस्थापकाने घर घ्यायचे ठरविले, तर त्याचे उत्पन्न किती असावे लागेल?

गोमंतकीय वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. देवदर्शन असो वा समुद्रकिनारा, पाहुण्यांवर चालणाऱ्या अर्थव्यवस्थेत घरांचे भाव बाहेरच्या पैशावर ठरतात आणि स्थानिकांचे उत्पन्न मात्र हंगामावर अवलंबून राहते. आपल्याकडील टॅक्सीवाला, शॅकचालक आणि खोल्या भाड्याने देणारे कुटुंब यांची बँकेच्या टेबलासमोरची स्थिती उज्जैनच्या दुकानदारापेक्षा फारशी वेगळी नसते.

उत्पन्नाचा हिशेब घराच्या किमतीपासून उलट दिशेने करावा लागतो. समजा, घर ३० लाखांचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येते. ही कमाल मर्यादा आहे, ग्राहकाचा हक्क नव्हे. शिवाय मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च सर्वसाधारणपणे या किमतीत धरला जात नाही. तो खिशातूनच करावा लागतो. कर्ज २४ लाखांचे धरले, तर सहा लाख आणि हा वरचा खर्च आधी जमवलेला असला पाहिजे.

साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीवर एक लाखाचा मासिक हप्ता सुमारे ८६८ रुपये येतो. म्हणजे २४ लाखांचा हप्ता झाला सुमारे २०,८३० रुपये. सर्व कर्जांचे हप्ते मिळून हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, असे बँका पाहतात. उत्पन्न कमी असेल तर हे प्रमाण आणखी खाली येते. त्यानुसार या कर्जासाठी महिन्याला सुमारे ४१,७०० ते ५२,१०० रुपये निव्वळ उत्पन्न हवे.

येथे ‘सर्व कर्जांचे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याच अर्जदाराने रिक्षासाठी किंवा मोटारीसाठी कर्ज घेतले असून त्याचा हप्ता पाच हजार असेल, तर ५० टक्क्यांच्या मोजणीतही आवश्यक उत्पन्न दहा हजारांनी वाढते. उत्पन्न तेवढेच राहिले, तर गृहकर्जाची पात्रता सुमारे पावणेसहा लाखांनी घटते. पोटापाण्यासाठी घेतलेले वाहनच घराच्या आड येते, ते असे. म्हणून घराचा अर्ज करण्याआधी लहान कर्जे फेडून टाकणे हा पात्रता वाढविण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे. पती-पत्नी दोघांचे उत्पन्न असेल तर संयुक्त अर्ज हा दुसरा.

तिसरा मार्ग बँकेचा प्रतिनिधी स्वतःच सुचवतो: मुदत वाढवा. २४ लाखांच्या याच कर्जाची मुदत ३० वर्षे केली, तर हप्ता सुमारे १८,४५० रुपयांवर येतो आणि ५० टक्क्यांच्या मोजणीने ३६,९०० रुपये उत्पन्न पुरते. परंतु २० वर्षांत एकूण सुमारे ५० लाख भरावे लागले असते, तेथे ३० वर्षांत ६६ लाखांहून अधिक भरावे लागतात. दरमहा पावणेपाच हजार कमी उत्पन्नावर पात्र ठरण्याची किंमत सोळा लाखांपेक्षा जास्त आहे.

एवढे गणित पगारदाराला पुरते. त्याच्याकडे वेतनचिठ्ठी आणि फॉर्म १६ असतो. खरी अडचण धंदा करणाऱ्याची आहे. त्याला बँक बहुधा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागते. छोट्या व्यापाऱ्यांसाठी कायद्यात अनुमानित उत्पन्नाची सोय आहे: रोखीच्या उलाढालीच्या किमान आठ टक्के आणि डिजिटल उलाढालीच्या किमान सहा टक्के नफा दाखवला की पुरते. आता ४० लाखांची रोख उलाढाल असलेल्या दुकानदाराने आठ टक्केच दाखवले, तर वर्षाचे उत्पन्न ३ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला सुमारे २६,७०० रुपये झाले. प्रत्यक्ष नफा याच्या दुप्पट असला, तरी बँकेपुढे येते ते हेच. यावर १३,३०० रुपयांचा हप्ता आणि जेमतेम साडेपंधरा लाखांचे कर्ज बसते. जे उत्पन्न करासाठी दाखवले नाही, ते कर्जासाठी मागाहून दाखवता येत नाही.

जो मुळीच विवरणपत्र भरत नाही, त्याच्यासाठी हा रस्ता आणखी अरुंद होतो. बँकेने नाकारलेला असा ग्राहक गृहवित्त कंपनीकडे वळतो. ती प्रत्यक्ष धंदा पाहून उत्पन्नाचा अंदाज बांधते, पण जोखमीची किंमत म्हणून व्याज चढे लावते.

उज्जैनला याहून मोठा धोका सिंहस्थाच्या वर्षाचा आहे. एखाद्या लॉजचालकाचे वार्षिक उत्पन्न दोन वर्षे प्रत्येकी तीन लाख आणि सिंहस्थाच्या वर्षी ७ लाख २० हजार झाले असे मानू. तीन वर्षांची सरासरी ४ लाख ४० हजार, म्हणजे दरमहा ३६,७०० रुपये, आणि त्याच्या निम्मा हप्ता १८,३०० रुपये. पुढच्या वर्षी उत्पन्न पुन्हा महिन्याला २५,००० वर आले, की तोच हप्ता उत्पन्नाच्या ७३ टक्के होतो. सिंहस्थ बारा वर्षांनी एकदा येतो. हप्ता दर महिन्याला. पावसाळ्यात रिकामे होणारे आपले किनारे पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

त्यात व्याजदर स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. २४ लाखांच्या कर्जाचा दर त्या प्रमाणात ७ वरून ९.५ टक्के झाला, तर २० वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे ३,७६० रुपयांनी वाढतो. २०२५ मध्ये रेपो दर उतरला. पण आज पात्र ठरणाऱ्याने उद्याची वाढ पेलता येईल का, हेही तपासले पाहिजे.

सरकारने या कोंडीकडे अगदीच दुर्लक्ष केलेले नाही. सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये वार्षिक नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज अनुदान आहे. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, कमाल १ लाख ८० हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. मात्र ही योजना उत्पन्नाची वरची मर्यादा पाहते आणि बँक खालची. वर्षाला तीन लाख मिळवणारे कुटुंब योजनेच्या दृष्टीने सर्वांत गरजू. पण ४० ते ५० टक्क्यांच्या मोजणीत त्याला साडेअकरा ते साडेचौदा लाखांचेच कर्ज मिळते. एवढ्यात शहरात घर मिळत नसेल, तर अनुदानाचा उपयोग काय?

यावर उपाय नियम सैल करणे हा नव्हे. उत्पन्न मोजण्याची पद्धत सुधारली पाहिजे. फुलवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांकडे आता क्यूआर कोड आहे. ग्राहकाच्या संमतीने त्याची खात्यांची माहिती सावकारी संस्थेला देणारी अकाउंट अ‍ॅग्रीगेटर व्यवस्थाही देशात कार्यरत आहे. वर्षभराच्या या नोंदींवरून हंगामी उत्पन्नाची खरी सरासरी काढता येते. पीककर्जाची परतफेड पिकाच्या हंगामाशी जुळवली जाते, तसा हंगामात जास्त आणि आडदिवसांत कमी असा गृहकर्जाचा हप्ता पर्यटनप्रधान शहरांसाठी का नसावा? राज्यस्तरीय बँकर्स समित्यांनी, उज्जैनप्रमाणे पणजीतही, हा विषय घ्यायला हवा.

तोपर्यंत घर घेऊ पाहणाऱ्याने भरभराटीचे वर्ष बाजूला ठेवून साधारण वर्षाचे उत्पन्न घ्यावे, त्यातून चालू हप्ते वजा करावेत आणि दर दोन टक्क्यांनी वाढेल असे धरून हप्ता काढावा. बँक याहून मोठे कर्ज मंजूर करील. ते सगळे उचललेच पाहिजे असे नाही.