निजवणे सोपे, जागवणे अवघड : संगणकाच्या झोपेचा विस्मृत इतिहास (थ्रेड)

१/ तुळजापूरची भवानी वर्षातून तीन वेळा निद्रिस्त होते. शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. मूर्ती चल आहे. त्यामुळे ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवली जाते आणि ठरल्या तिथीला पुन्हा सिंहासनावर विराजमान होते.

२/ धाराशिव जिल्ह्यात हे कुणालाही नवे नाही. तरी एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. हा विधी निजवण्यापाशी संपत नाही. परतीची तिथी, परतीचा क्रम आणि सेवेकऱ्यांची कामे आधीच ठरलेली असतात. निद्रा आणि जागृती हे एकाच विधीचे दोन भाग आहेत. संगणकाच्या इतिहासाला हे सत्य पचवायला पंधरा-वीस वर्षे लागली.

३/ आज लॅपटॉपचे झाकण मिटले की यंत्र झोपते, उघडले की जागे होते. यात काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. या थ्रेडचे म्हणणे असे : ही झोप विश्वासार्ह झाली, त्याचे श्रेय ज्यांनी तिची कल्पना मांडली त्यांच्यापेक्षा ज्यांनी ती पुन्हा पुन्हा तपासली त्यांना अधिक द्यावे लागेल. इतिहासलेखनाने मात्र ते दिलेले नाही.

४/ आधी रूढ सनावळी पाहू. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'एपीएम' हे वीज-व्यवस्थापनाचे मानक आणले. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' जाहीर केले. त्यात झोपेच्या पायऱ्यांना क्रमांक मिळाले. 'एस-३' म्हणजे सारे बंद ठेवून केवळ स्मृतीला (रॅमला) थोडी वीज पुरवणे. 'एस-४' म्हणजे स्मृतीतील सारे डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद करणे.

५/ हा फरक मराठवाड्याला समजावून सांगावा लागत नाही. भारनियमनात वीज गेली आणि बॅटरीही संपली, तर 'एस-३' मधील न जतन केलेले काम नाहीसे होते. 'एस-४' मधील काम डिस्कवर टिकून राहते. पहिली झोप हलकी व झटपट मोडणारी, दुसरी गाढ पण सुरक्षित.

६/ बहुतेक पुस्तकांतील इतिहास १९९६ पाशी थांबतो. पण फर्मान निघाले म्हणजे अंमल बसला असे होत नाही, हे निजामी राजवटीचा अभ्यास करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असते. मानक जाहीर झाल्यानंतरही पुढील दहा-बारा वर्षे लिनक्स वापरणाऱ्यांचा नित्य अनुभव असा होता : यंत्र झोपे, पण उठत नसे. पडदा काळाच राही.

७/ असे का होई? झोपताना कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, एका ठरलेल्या क्रमाने चालतो. प्रथम चालू प्रक्रिया गोठवायच्या. मग उपकरणे निजवायची : आधी लेकरे, मग पालक. म्हणजे आधी पेन ड्राइव्ह आणि नंतर तो ज्याला जोडला आहे तो यूएसबी नियंत्रक. मग एक वगळून बाकीचे प्रोसेसर बंद करायचे. शेवटी उरलेला गाभा. जागे होताना नेमका उलटा क्रम : आधी पालक, मग लेकरे.

८/ अडचण अशी की अनेक उपकरणांना झोपेनंतर काहीच आठवत नाही. वीज गेली की त्यांच्या नोंदी पुसल्या जातात. झोपण्यापूर्वी त्या जपून ठेवणे आणि उठल्यावर जशाच्या तशा परत भरणे हे त्या त्या उपकरणाच्या ड्रायव्हरचे काम. यंत्रात असे अनेक ड्रायव्हर असतात. त्यांतला एक चुकला तरी सारे यंत्र अडकू शकते.

९/ आणि येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल असा पेच उभा राहतो : साक्षीदारच झोपलेला असतो. चूक कुठे झाली हे सांगणारा पडदा हेही एक उपकरणच. तेच उठले नसेल तर सांगणार कोण? डिस्क उठली नसेल तर नोंद लिहिणार कुठे? घटना घडली, पण तिचे साधन मागे उरले नाही.

१०/ या पेचावरचा एक तोडगा फार साधा आहे, आणि म्हणूनच तो मोठा आहे : पूर्ण झोपायचेच नाही. अर्ध्या वाटेवरून परत यायचे. कर्नलमधील 'पीएम-टेस्ट' ही सोय नेमके हेच करते. तिच्या पाच पायऱ्या आहेत : केवळ प्रक्रिया गोठवणे, त्यापुढे उपकरणे निजवणे, त्यापुढे फर्मवेअरशी संबंधित व्यवस्था, त्यापुढे अतिरिक्त प्रोसेसर बंद करणे, आणि शेवटी गाभ्याची उपकरणे.

११/ प्रत्येक चाचणीत कर्नल ठरवलेल्या पायरीपर्यंत उतरतो, साधारण पाच सेकंद थांबतो आणि वर येतो. पहिल्या पायरीवरून सुखरूप परतला, तर दुसरी. जिथून परत येणार नाही, तिथे दोष. बारवेत उतरणारा माणूस पाण्याची खोली एकेक पायरी टेकत पाहतो, तशी ही रीत.

१२/ पोलंडचे राफाएल विसॉकी यांनी २००७ पासून लिहिलेल्या मार्गदर्शिकेत ही पद्धत तपशिलाने दिली आहे. दोष उपकरणांच्या पायरीवर सापडला, तर निम्मे ड्रायव्हर काढून पुन्हा तपासा. यंत्र परतले, तर दोष काढलेल्या निम्म्यात. मग त्यांचे निम्मे. आणि हेही की एकदा यश आले म्हणून थांबू नका, कारण काही दोष क्वचितच प्रकट होतात. मूळ साधनांची चिकित्सा शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा असा हा मजकूर आहे.

१३/ पूर्ण झोपेतच मरणाऱ्या यंत्रासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००६ च्या सुमारास वेगळी युक्ती योजली. यंत्र सक्तीने पुन्हा सुरू केले तरी एक वस्तू आपली नोंद टिकवते : छोट्या सेलवर चालणारे अंतर्गत घड्याळ. म्हणून जागे होताना कर्नल प्रत्येक टप्प्याची खूण वेळेच्या रूपाने घड्याळातच लिहीत जातो. यंत्र अडकले की सुमारे तीन मिनिटांच्या आत ते पुन्हा सुरू करायचे. मग नवा कर्नल घड्याळ वाचतो आणि अखेरची खूण कोणत्या ठिकाणची होती हे सांगतो.

१४/ याची किंमत म्हणजे घड्याळ भलतीच तारीख दाखवू लागते. पण ती भलती तारीख हाच पुरावा. तेर येथे, प्राचीन तगर नगरीत, मातीत सापडलेल्या वस्तूंवरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराचा माग काढला जातो. त्या वस्तू बनवणाऱ्यांनी काही इतिहास लिहून ठेवला नव्हता. इथे फरक एवढाच की पुरावा टिकेल अशी जागा मुद्दाम शोधून काढली गेली.

१५/ यावर एक आक्षेप रास्त आहे. झोपलेले यंत्र उठले नाही, तर ते पुन्हा सुरू करावे. एवढ्याशा गैरसोयीला इतिहास कशाला म्हणायचे? उत्तरासाठी धाराशिवहून कोकणात, रायगड जिल्ह्यातील खैरात या खेड्यात जावे लागेल. २००७ च्या उत्तरार्धात तेथील छोट्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे हिरवे-पांढरे 'एक्सओ' लॅपटॉप मुलांच्या हाती आले. भारतातील हा त्या प्रकल्पाचा आरंभीचा प्रयोग.

१६/ विजेचा भरवसा नसलेल्या गावांसाठी बनवलेल्या या यंत्राची सारी भिस्त झोपेवर होती. मेरी लू जेप्सन यांनी घडवलेल्या पडद्याला स्वतंत्र चिप होती. प्रोसेसर झोपला तरी पान डोळ्यांसमोर राही. वायरलेसचा भागही स्वतंत्र : यंत्र झोपेत असताना शेजारच्या मुलाचा संदेश पुढे पाठवण्याची त्याची रचना होती. योजना अशी की मूल वाचत असताना यंत्राने डुलकी घ्यावी आणि कळ दाबताच जागे व्हावे.

१७/ आता साधा हिशेब करू. समजा, हजारात एकदा जाग येत नाही. कचेरीतील लॅपटॉप दिवसातून दोनदा झोपत असेल, तर सरासरी पाचशे दिवसांनी एकदा अडकेल. तेवढे कुणीही सोसेल. पण शाळेतले यंत्र मिनिटाला एकदा, असे रोज चार तास झोपत असेल, तर दिवसाला २४० डुलक्या. म्हणजे सुमारे दर चौथ्या दिवशी मुलाचा पडदा काळा. दोष तोच, पण त्याचा भार सर्वांत दुबळ्या वापरकर्त्यावर.

१८/ घडलेही साधारण तसेच. यंत्रे मुलांच्या हाती पोहोचली तेव्हा ही सततची डुलकी पूर्ण भरवशाची झालेली नव्हती. पुढच्या आवृत्त्यांत ती टप्प्याटप्प्याने येत गेली. हा प्रकल्प का फसला यावर पुष्कळ लिहिले गेले आहे : शिक्षणशास्त्र, किंमत, सरकारी धोरण. ते सारे योग्यच. पण विजेचे गणित ज्या झोपेवर मांडले होते, ती झोपच अजून तपासली जात होती, याची नोंद त्या लेखनात सहसा आढळत नाही.

१९/ त्या काळी अनेक उत्पादक आपले फर्मवेअर विंडोजवर चालले की पुरे मानीत. उरलेले ओझे स्वयंसेवक आणि पगारी विकासक यांच्यावर पडले. घड्याळाचा गजर लावून यंत्र निजवणे, उठवणे, पुन्हा निजवणे, हे चक्र रात्रभर शेकडो वेळा चालवणे आणि अडखळलेल्या त्या एका फेरीचा माग काढणे, हेच त्यांचे काम. अशा कामाला उद्घाटन नसते, म्हणून सनावळीत त्याला जागाही मिळत नाही.

२०/ तंत्रज्ञानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या तरुणांनी म्हणून प्रश्न थोडा बदलावा. 'हे प्रथम कधी जाहीर झाले?' याच्या जोडीला 'हे प्रथम कधी भरवशाने परत आले, आणि ते कोणी पडताळले?' असेही विचारावे. त्याची साधनेही उपलब्ध आहेत. कर्नलमधील प्रत्येक बदल कोणी, केव्हा, का केला याच्या नोंदी खुल्या आहेत. एवढे समृद्ध दफ्तर फार थोड्या कारागिरांनी मागे ठेवले असेल.

२१/ उमरग्यात किंवा कळंबमध्ये परीक्षेच्या काळात वीज जाते. एखादी विद्यार्थिनी अर्धा लिहिलेला प्रबंध तसाच ठेवून लॅपटॉपचे झाकण मिटते. तासाभराने ते उघडते, तेव्हा वाक्य जिथे थांबले होते तिथेच असते. तिला त्यात नवल वाटत नाही. ते वाटू नये यासाठी कुणीतरी वर्षानुवर्षे अर्ध्या वाटेवरून परत येत राहिले होते.

(थ्रेड समाप्त)