‘नाही’ म्हणालात? मग पुन्हा मतदान करा!

आयर्लंडच्या जनतेने १२ जून २००८ रोजी लिस्बन करार फेटाळला. ५३.४ टक्के मते विरोधात पडली. सोळा महिन्यांनी, २ ऑक्टोबर २००९ ला, त्याच जनतेला त्याच करारावर पुन्हा मतदान करायला लावले. या वेळी ६७.१ टक्के मते ‘हो’ अशी पडली आणि विषय कायमचा मिटला. तिसऱ्यांदा कोणी विचारले नाही. ‘नाही’ आले की पुन्हा विचारायचे आणि ‘हो’ आले की पेटी बंद करायची, ही कुठली लोकशाही? युरोपियन युनियनचे गोडवे गाणाऱ्या आपल्याकडच्या विद्वानांनी एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे.

हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. १९९२ च्या जूनमध्ये डेन्मार्कने मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला. वर्षभरात पुन्हा मतदान झाले आणि होकार मिळवला. (त्या रात्री कोपनहेगनमध्ये चिडलेल्या निदर्शकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, हे मात्र युरोपच्या गौरवगाथेत क्वचितच वाचायला मिळते.) २००१ मध्ये आयर्लंडने नीस करार नाकारला, २००२ मध्ये पुन्हा मतदान घेऊन तो मंजूर करून घेतला.

पुन्हा विचारणे हे मुळातच पाप आहे, असे माझे म्हणणे नाही. लोक मत बदलू शकतात, परिस्थिती बदलते. डेन्मार्कला दुसऱ्या मतदानाआधी खरोखर काही मिळाले: समान चलन, संरक्षण, नागरिकत्व आणि न्याय-गृह व्यवहार या चार बाबतींत बाहेर राहण्याची मुभा. म्हणजे त्यांच्या नकाराला किंमत आली. आयर्लंडलाही २००९ मध्ये कर, तटस्थता आणि गर्भपात याबाबत हमी मिळाली. प्रत्येक देशाचा एक आयुक्त कायम राहील हेही मान्य झाले. पण कराराच्या मजकुरातला स्वल्पविरामसुद्धा हलला नाही. आणि मधल्या काळात आर्थिक मंदीने आयर्लंडचे कंबरडे मोडले होते. एकटे पडलो तर काय होईल, ही भीती घराघरात होती. भुकेच्या भीतीने दिलेली संमती किती मोकळी असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

खरा तमाशा झाला तो फ्रान्स आणि नेदरलँडच्या बाबतीत. युरोपसाठी राज्यघटना लिहिली गेली, फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ मसुदा करणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष होते. २९ मे २००५ ला फ्रान्सने ती ५४.७ टक्क्यांनी नाकारली. तीन दिवसांनी नेदरलँडने ६१.५ टक्क्यांनी नाकारली. फ्रान्समध्ये कोणी नाकारली? कामगारांनी, बेरोजगारांनी मोठ्या प्रमाणावर. खुल्या बाजाराच्या नावाखाली आपली मजुरी आणि आपले संरक्षण जाईल, ही त्यांची शंका होती. त्यावर नेत्यांनी काय केले? ‘राज्यघटना’ हा शब्द काढला, ध्वज आणि गीताचा उल्लेख काढला, उरलेला बहुतेक ऐवज जुन्या करारांतल्या दुरुस्त्या म्हणून भरला आणि त्याला नाव दिले लिस्बन करार. गाभा तोच आहे, फक्त मांडणी बदलली, हे खुद्द जिस्कार देस्तँ यांनीच जाहीरपणे लिहिले. मग २००८ च्या फेब्रुवारीत फ्रान्सने तो संसदेतून मंजूर केला. सार्कोझींनी हे निवडणुकीआधीच सांगितले होते, असे त्यांचे समर्थक म्हणतात. सांगितले असेल. पण जे जनतेने थेट मताने नाकारले ते जनतेला न विचारता परत आणायचे, याला दुसरे काय म्हणायचे?

आयर्लंडला मात्र असे टाळता येत नव्हते. रेमंड क्रॉटी नावाच्या, आधी शेतकरी आणि मग अर्थतज्ज्ञ झालेल्या माणसाने सरकारला कोर्टात खेचले होते. १९८७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, तेव्हापासून असे मोठे करार तिथे जनतेसमोर न्यावे लागतात. त्यामुळे २७ देशांपैकी लिस्बनवर सार्वमत झाले ते फक्त आयर्लंडमध्ये. आणि तरीही ओरड काय झाली? आठ-नऊ लाख आयरिश मतदार पन्नास कोटी युरोपियनांना वेठीस धरतात म्हणे! अरे, त्या पन्नास कोटींना विचारले कोणी? सर्व सदस्य देशांची मंजुरी हवी, हा नियम आयर्लंडने लादलेला नव्हता. तुमच्याच करारांतला तो नियम. तो गैरसोयीचा ठरला की छोट्या देशाला दटावायचे.

मित्रांनो, हे आपण का समजून घ्यायचे? प्रश्न कोण विचारतो, कोणाला विचारतो आणि कधी विचारतो, यात सत्ता असते. बाबासाहेबांना हे पक्के ठाऊक होते. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत, राखीव जागांचे पुढे काय करायचे हे अस्पृश्यांच्या सार्वमताने ठरावे, असा त्यांचा आग्रह होता. गांधींचे प्राण पणाला लागले होते, घड्याळ समोर होते. अंतिम करारात सार्वमत गेले आणि परस्पर संमतीचे कलम आले. ज्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता, त्यांनाच थेट विचारण्याची अट तेवढी गळली.

युरोपातल्या त्या नकाराचे पुढे काय झाले, तेही पाहा. २००५ च्या ‘नाही’मध्ये डावे कामगार होते, तसे ल पेन यांचे अतिउजवेही होते, नेदरलँडमध्ये गीर्ट विल्डर्स होते. कामगारांची शंका ऐकून घेतली असती तर ते वेगळे काढता आले असते. ऐकलेच नाही. विद्वानांनी सगळ्यांना एकाच माळेत ओवून अडाणी ठरवले. मग ‘तुमचे कोणी ऐकत नाही’ एवढे एकच वाक्य घेऊन फिरणाऱ्यांना मैदान मोकळे मिळाले. त्यांचा द्वेष स्थलांतरितांवर आणि मुसलमानांवर, पण त्यांना खतपाणी मिळाले ते ब्रुसेल्सच्या या मग्रुरीतूनही.

नेदरलँडने २०१६ मध्ये युक्रेनबरोबरच्या करारावर सल्लादायी सार्वमत घेतले. मतदान जेमतेम ३२ टक्के, पण त्यातले ६१ टक्के विरोधात. सरकारने कराराला एक खुलासा जोडला आणि तो मंजूर करून टाकला. २०१८ मध्ये सार्वमताचा तो कायदाच रद्द केला. २०२३ च्या निवडणुकीत विल्डर्स यांचा पक्ष पहिल्या क्रमांकावर आला.