सात गुणांचा छंद

इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षेत ‘अ’ श्रेणी आली तर ७ गुण, ‘ब’ आली तर ५ आणि ‘क’ आली तर ३. हा हिशेब दहावीतल्या मुलांना आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आयांना तोंडपाठ असतो. २०१७ साली राज्य सरकारने चित्रकला, शास्त्रीय गायन-वादन-नृत्य आणि लोककला यांना दहावीच्या निकालात सवलतीचे गुण द्यायचे ठरवले. खेळाडूंना असे गुण आधीपासून मिळत होतेच. कलेलाही ते मिळाले म्हणून तेव्हा अनेकांना आनंद झाला, आणि तो समजण्यासारखा होता. ज्या विषयाच्या तासाला गणिताचे सर हक्काने ‘आज मी घेतो’ म्हणून येऊन बसतात, त्या विषयाची कुणीतरी सरकारी कागदावर दखल घेतली होती. तरीही या निर्णयाने मुलांच्या छंदाचे भले झाले असे मला वाटत नाही. या गुणांनी छंदाला घरातून परवानगी मिळवून दिली, पण ती दहावीपुरती. शिवाय ज्या छंदाची परीक्षा घेता येते तोच खरा, ही समजूत त्यांनी पक्की केली. माझा आक्षेप परीक्षांना नाही. गुणपत्रिकेशी त्यांची जी गाठ मारली आहे ती सोडवावी, एवढेच म्हणणे आहे.

गाठ किती घट्ट आहे हे समजायला थोडे अंकगणित पुरते. पाचशेपैकी सात म्हणजे १.४ टक्के. एरवी हा आकडा किरकोळ वाटेल, पण अकरावीच्या प्रवेशयादीत दशांशावर मुले वरखाली होतात. आमच्या अंबरनाथच्या विद्यार्थ्यासाठी त्या दशांशाचा अर्थ अगदी व्यवहारी असतो: कॉलेज उल्हासनगरला, कल्याणला की थेट दादर-माटुंग्याला, म्हणजेच रोज लोकलमध्ये अर्धा तास उभे राहायचे की दीड तास. २०२५च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या २११ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले आणि त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले होते. वाढीव गुणांवाचून हा आकडा इतका फुगला नसता. अशा शर्यतीत पालकाने चित्रकलेकडे १.४ टक्के म्हणून पाहिले तर दोष पालकाचा नाही, तसे पाहायला त्याला व्यवस्थेनेच शिकवले. २०२१मध्ये तर हे उघडच दिसले. कोरोनामुळे रेखाकला परीक्षा झाली नव्हती, म्हणून त्या वर्षी हे गुण मिळणार नाहीत असे सरकारने सांगितले आणि पालक, कलाशिक्षक सगळेच संतापले. संताप गुणांसाठी होता. वर्षभर मुलांच्या हातात ब्रश आला नाही, यावर फारसे कुणी बोलले नाही.

आता या परीक्षा काय मागतात ते पाहू. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा कला संचालनालय घेते. समोर ठेवलेल्या वस्तूंचे चित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे ठरलेले कागद असतात. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना पेन्सिल धरायला शिकवण्याचे मोठे काम या परीक्षांनी केले आहे आणि त्यांची फीही बेताची असते. अडचण होते ती त्यांची तयारी करून घेताना. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेले आठवून काढायचे चित्र. प्रत्यक्षात बाजार, बसथांबा, बागेत खेळणारी मुले असे आठ-दहा विषय ठरलेले असतात आणि त्यांतल्या आकृत्या क्लासमध्ये गिरवून घेतल्या जातात. खिडकीतून मलंगगडाचा सुळका दिसणारी आणि चिखलोली धरणावर सायकलने जाणारी मुलगी परीक्षेत मात्र कौलारू घर, दोन नारळ आणि मध्ये सूर्य काढून येते, कारण ते चित्र वेळेत होते. पाहिलेले काढायला वेळ लागतो, चुकायची मुभा लागते. गुण पणाला लागले की सगळ्यात आधी हीच मुभा जाते.

अंबरनाथमध्ये हे सांगताना एक गोष्ट आठवणे भाग आहे. इथले शिवमंदिर शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे. मम्मुणि या शिलाहार राजाचे नाव त्याच्या शिलालेखात आहे. १८६८ साली मुंबई इलाख्यातल्या प्राचीन वास्तूंची नोंद करायची ठरली तेव्हा पहिली निवड या मंदिराची झाली आणि ते काम सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या टेरी यांच्याकडे सोपवण्यात आले. जे. जे. स्कूल तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचे होते. तिथल्या तुकडीने वालधुनीच्या काठी येऊन मंदिराची मोजमापे घेतली, रेखाचित्रे काढली, शिल्पांचे साचे उतरवून घेतले. या इलाख्यात नोंद म्हणून चित्र काढण्याच्या शिक्षणाचा एक प्रारंभ आपल्या गावात झाला, असे म्हणायला हरकत नाही. आज रेल्वे स्टेशनपासून मंदिर दोनेक किलोमीटरवर आहे. शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हलच्या दिवसांत तिथे चित्रकार येतात, गर्दी होते, सेल्फी निघतात. पण वर्षाच्या उरलेल्या दिवसांत वही घेऊन तिथल्या गजथरासमोर बसलेली शाळेची तुकडी विरळाच. गजथर अभ्यासक्रमात नाही. त्या झिजलेल्या सोंडा काढून ‘अ’ श्रेणी येत नाही.

संगीताची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिथे मला माझ्याच मुद्द्याला मुरड घालावी लागते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा अभ्यासक्रम, वर्ग आणि परीक्षा या गोष्टींनी एक बंद दार उघडले होते. घराण्याबाहेरच्या, पांढरपेशा घरातल्या मुलांना, पुढे मुलींनाही गाणे शिकता आले ते याच रचनेमुळे. त्यांच्या पश्चात १९३१मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही पायऱ्यांची शिडी आजही हजारो मुले चढतात. परीक्षेने कला मारली असे सरसकट म्हणणाऱ्याने आधी पलुस्करांना उत्तर द्यावे. पण पलुस्करांची परीक्षा गाण्याकडे नेत होती. सवलतीच्या गुणांनी शिडीची दिशा बदलली. तीन परीक्षा झाल्या तर थोडे गुण, पाच झाल्या तर अधिक. साहजिकच परीक्षा दहावीच्या आधी बसवण्यासाठी पाचवी-सहावीपासून वेळापत्रक आखले जाते. पंधरा तारखेला राग बसवून पुढच्या महिन्यात तो विसरणारी मुले अशी तयार होतात. आणि जे गाणे या शिडीवर नाही, त्याचे काय? उल्हासनगरच्या एखाद्या सिंधी घरात नातू आजोबांकडून भगत हा लोकगायनाचा प्रकार शिकत असेल, तर त्याची ‘प्रवेशिका प्रथम’ कुठे असते?

खरी कसोटी मात्र कथेची आहे. चित्र काढणाऱ्या मुलाला ७ गुण, गाणाऱ्यालाही गुण, मग गोष्टी लिहिणाऱ्याला? काही नाही. कथेची एलिमेंटरी नाही आणि विशारदही नाही. कथा शाळेत येते ती मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘कथालेखन’ म्हणून: दिलेल्या मुद्द्यांवरून, मोजक्या शब्दांत, वर शीर्षक आणि खाली तात्पर्य. तात्पर्य लिहायला लावणे हा कथेवरचा केवढा अविश्वास आहे! मुलगी घरी वहीच्या मागच्या पानांवर जे लिहिते, त्यात भूत असते, बदलापूरच्या शेवटच्या लोकलमध्ये राहून गेलेला डबा असतो, वर्गातल्या कुणाचे तरी नाव बदललेले असते, आणि तात्पर्य नसते. हा छंद गुणांच्या बाजाराबाहेर राहिला म्हणून एका अर्थी सुखी आहे. तो कुणी गिरवून घेत नाही. पण दुसऱ्या अर्थी तो अनाथ आहे. चित्रकलेचे सर तरी शाळेत असतात, कथेला सर नाहीत. ती वाचून ‘इथे तुझा माणूस खोटे बोलतोय’ असे सांगणारे कुणी नाही. घरच्यांच्या लेखी तो अभ्यासाच्या वेळेचा अपव्यय, आणि त्याच्या बाजूने दाखवायला १.४ टक्केही नाहीत. म्हणून ही मुले लपून लिहितात, हल्ली बहुधा मोबाइलवर.

यावरून कथेलाही गुण द्या, अशी मागणी कुणी करील. मी उलट निष्कर्ष काढतो. मराठी कथेचा इतिहास पाहिला तर ती बिनगुणांच्याच जागेत वाढली आहे. दि. बा. मोकाशी यांचे पुण्यात रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. अरविंद गोखले शेतीशास्त्राचे माणूस होते. व्यंकटेश माडगूळकर लिहीत आणि रेखाटनेही करीत. तो एक छंद आणि हा दुसरा, अशी वाटणी त्यांच्या हाताने कधी केली नाही. या माणसांना नियतकालिके मिळाली, संपादक मिळाले, वाचक मिळाले. मुलांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ १९७१पासून तेच काम करत आले आहे. गावोगावच्या शाळांची हस्तलिखिते हेच करायची: एका मुलाने गोष्ट लिहायची, दुसऱ्याने तिचे चित्र काढायचे, तिसऱ्याने सुवाच्य अक्षरात उतरवायची. त्या हस्तलिखितात परीक्षेविना तीन कला एकत्र यायच्या. छंदाला लागतो तो वाचणारा, ऐकणारा, पाहणारा माणूस. गुण त्याच्या जागी बसू शकत नाहीत.

या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप घरच्या परिस्थितीचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. अंबरनाथ हे कामगारांचे गाव. शस्त्रास्त्र कारखाना, विम्कोची काडेपेटी, नंतरची एमआयडीसी यांच्या भरवशावर इथे वस्ती वाढली आणि २०११च्या जनगणनेत ती २,५३,४७५ झाली. अशा गावात, एका खोलीच्या घरात, मुलीला रविवारी तीन तास चित्र काढू द्यायचे तर बापाला काही कारण लागते. ‘दहावीला सात गुण मिळतात’ हे ते कारण आहे. ते काढून घेतले तर सधन घरातली मुले क्लासला जातच राहतील आणि गरीब घरातली थांबतील, असे अनेक कलाशिक्षक म्हणतात. चित्रकलेपुरते ते मला बरेचसे पटते, कारण ती परीक्षा शाळेतून होते. संगीताबाबत मात्र पटत नाही. पाच परीक्षांपर्यंत जायला पाच-सहा वर्षांची फी लागते, घरी तबला किंवा पेटी लागते आणि भिंतीपलीकडचा शेजारी सोशिक असावा लागतो. ते गुण बहुतांशी ज्यांना परवडते त्यांनाच मिळतात. चित्रकलेतही परवानगीची मुदत ठरलेली आहे. अकरावीचा प्रवेश झाला की तोच बाप म्हणतो, आता काय मिळणार त्याचे? आणि त्याच्या तर्कात चूक काढता येत नाही, कारण ते कारण आपणच त्याला पुरवले होते. जी मुलगी गुणांच्या जोरावर चित्र काढायला बसली, तिला सोळाव्या वर्षी उठवायलाही तेच गुण कारणीभूत ठरतात.

‘परीक्षा नसेल तर मुले शिस्तीने शिकणार नाहीत’ हा दुसरा आक्षेप फार वेळ घेण्याजोगा नाही. रियाझाची शिस्त गुरूकडून येते, ताळेबंदातून नाही, आणि परीक्षा राहाव्यात असे मी सुरुवातीलाच म्हटले आहे. ज्याला आपण कुठवर आलो ते पाहायचे आहे त्याने ती जरूर द्यावी. जे. जे.च्या वाटेवर निघालेल्याला इंटरमिजिएटचा उपयोग होतोच.

मग गरीब घरातल्या त्या मुलीचे काय करायचे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर कायद्यात आधीच आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत म्हटले आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात शंभराहून कमी पटाची उच्च प्राथमिक शाळा शोधावी लागेल. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर हा भेदच नको म्हटले. गुण देणे सरकारला सोपे पडते, कारण त्याला पगार लागत नाही. निदेशक नेमायला तो लागतो. सवलतीचे गुण हा न नेमलेल्या शिक्षकाचा स्वस्त मोबदला आहे, असे मी म्हणालो तर तो आरोप समजावा.

नगरपालिकेला आणि शाळांना मुंबईच्या निर्णयाची वाट न पाहताही काही करता येईल. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीचे वर्ग सुरू व्हायला तीन-चार महिने जातात. या मुलांच्या आयुष्यातला हा एकच काळ असा, की कसलीही परीक्षा डोक्यावर नसते आणि सातही गुण खिशात पडलेले असतात किंवा हुकलेले असतात. नेमक्या याच काळात शाळेची चित्रकलेची खोली बंद असते, पेटी-तबला कपाटात असतो आणि माजी विद्यार्थी म्हणून मुलाला फाटकावर अडवले जाते. ती खोली आठवड्यातले दोन दिवस उघडावी. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभे केलेले ग्रंथसखा वाचनालय एका स्टेशनाच्या अंतरावर आहे. तिथली जुनी मासिके पाहायला आणि स्वतःचे हस्तलिखित करायला दहा-बारा मुलांना एकत्र नेता येईल. एप्रिलच्या सकाळी ऊन चढायच्या आत शिवमंदिराच्या आवारात तासभर बसता येते, वही-पेन्सिलीला तिकीट लागत नाही. जून-जुलैत जी मुले स्वतःहून पुन्हा येतील त्यांची नावे लिहून ठेवावीत. पुढच्या वर्षीच्या निदेशकाची मागणी शिक्षणाधिकाऱ्यांकडे नेताना ती यादी सोबत जोडावी.