दम खाण्याचे शास्त्र

आमच्या शाळेच्या क्रीडादिनी माझ्या हातून एक चूक घडली. चारशे मीटर धावून नववीतला एक विद्यार्थी जेमतेम दहा मिनिटे टेकला होता. इतक्यात रिलेच्या चमूतील एकाचा पाय मुरगळला आणि मी याला त्याच्या जागी उभे केले. शेवटच्या वळणावर तो अक्षरशः खुरडत आला. "सर, पाय माझे राहिलेच नाहीत," एवढेच म्हणाला. मी मात्र त्याला मनोनिग्रहावर चार शब्द सुनावले. भाषा शिकवणाऱ्या माणसास निग्रहाची थोरवी अंमळ अधिकच वाटते! रात्री शरीरशास्त्राचे पुस्तक उघडले, तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

स्नायूचे आकुंचन ज्यावर चालते तो पदार्थ म्हणजे एटीपी. १९२९ साली कार्ल लोमान या जर्मन शास्त्रज्ञाने तो शोधून काढला. गंमत अशी की, स्नायूत त्याचा साठा असतो तो दोन-तीन सेकंदांच्या जोरापुरताच. तो सरताच क्रिएटिन फॉस्फेट मदतीस येते आणि आणखी सात-आठ सेकंद निभावून नेते. पुढे स्नायूतील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, मोडावी लागते. प्राणवायू पुरेसा पोहोचत असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे सुमारे ३० रेणू मिळतात. त्याच्यावाचून भागवायचे तर अवघे २. हा दुसरा मार्ग उधळपट्टीचा खरा, पण झटपट फळ देणारा. चारशे मीटरच्या शर्यतीत शरीर बव्हंशी त्याचाच आश्रय घेते आणि मग स्नायूंत आम्लता साचून पाय जड होतात.

कुस्तीची गोष्ट याहून कठीण. पकड आवळून धरली की ताणलेल्या स्नायूंत रक्तवाहिन्या दाबल्या जातात. रक्तच नीट येईना, तर प्राणवायू कोठून येणार? आपल्या जत्रांतील फडांवर पाठीचा कणा ताठ ठेवून झुंजणारा मल्ल एकाएकी ढिला पडताना वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल.

येथे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोवसमोर उभे राहावे लागले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, परंतु तो बजावून सांगण्यास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. इशीला सुवर्ण मिळाले, मामादबेयोवला रौप्य.

त्या अर्ध्या तासात काय घडले असते? क्रिएटिन फॉस्फेटचा निम्मा साठा अर्ध्या-एक मिनिटात आणि बहुतेक सगळा पाच-सात मिनिटांत भरून निघतो. आम्लता ओसरण्यास मात्र अधिक वेळ लागतो. स्वस्थ पडून राहण्यापेक्षा सावकाश येरझाऱ्या घातल्यास रक्तातील लॅक्टेट लवकर उतरते. ग्लायकोजेनची भरपाई तर जेवणाखाण्यानंतर, जवळपास दिवसभराने. म्हणजे अर्ध्या तासाने खाशाबांचा शीण सगळा गेला नसता, परंतु पकडीतला जोर बराचसा परतला असता. निकाल बदलला असता की नाही, ते कोणी सांगू नये.

आमच्या पिढीस लॅक्टिक आम्ल हे निव्वळ विष म्हणून शिकवले गेले. आज तसे मानीत नाहीत. लॅक्टेट हृदयाला आणि इतर स्नायूंना इंधन म्हणून चालते, आणि व्यायामाच्या दुसऱ्या दिवशीची अंगदुखी त्याच्यामुळे नव्हे, तर स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे होते. आपल्या तालमीतले वस्ताद मात्र यातले काही न वाचताच शिष्याला "जरा दम खा, पण बसू नकोस" म्हणत आले.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला खोलीत बोलावून मी माझे शब्द मागे घेतले. तो संकोचाने म्हणाला, "राहू द्या, सर." यंदाच्या क्रीडादिनाच्या वेळापत्रकात चारशे मीटर सकाळी आहे, रिले दुपारी.