पेंड, कोंडा आणि तळ्यातलं औषध



गेल्या उन्हाळ्यात आपल्यातल्या एकाच्या तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले. त्याने मेडिकलमधून माणसांच्या कॅप्सूल आणून पाण्यात फोडल्या. रोग नव्हताच! पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला होता, पंप चालवून पाणी उडवलं असतं तर भागलं असतं. बरेच मासे मेले. नाव सांगत नाही, कारण असलं काम मीही पूर्वी केलंय.

ह्या सवयीचं नुकसान एकट्याचं नसतं. क्लोरॅम्फेनिकॉलचा अंश सापडला की परदेशात गेलेली कोळंबी परत येते, मग बंदरावरच्या होडीवाल्याचाही भाव पडतो. त्याने तर समुद्रातून मासळी आणलेली असते.

आता दुसरी बाजू. ही औषधं येतात कुठून? पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 साली उभा राहिला. तिथल्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं, त्या जिवाणूच्या नावातही पिंपरी आहे. असे जिवाणू वाढवायला सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याची पेंड चालते. पेनिसिलिन बुरशीपासून निघतं, पण त्याचंही उत्पादन वाढलं ते स्टार्चच्या कारखान्यात मका भिजवून उरलेल्या पाण्याने. म्हणजे धारवाड भागात आपण जे गुरांना घालतो, तेच.

बॅसिलस सबटिलिस नावाचा जिवाणू भाताच्या कोंड्यावर चांगला वाढतो. तो असे पदार्थ सोडतो, की रोहू-कटल्याच्या अंगावर जखमा करणाऱ्या एरोमोनाससारख्या जिवाणूंची वाढ दबते. प्रयोगशाळेत हे दिसलंय. आपल्या तळ्यात किती चालेल, ते करून बघायला पाहिजे.

पण घरच्या ड्रममध्ये पेंड-गूळ कुजवून तळ्यात ओतू नका. ड्रममध्ये कुठला जिवाणू वाढला हे आपल्याला डोळ्याने कळत नाही, आणि कच्ची पेंड पाण्यात सडली की तीच ऑक्सिजन खाते. परत पहाटे मासे वर!

माझं मत असं, की धारवाडच्या कृषी विद्यापीठाला सोसायटीने लेखी विनंती करावी. पेंड-कोंडा आपण देऊ, शुद्ध जिवाणू आणि तपासणी त्यांची. काही जण म्हणतील, सोसायटीचे पैसे ह्यात कशाला? मेलेल्या माशांचे पैसे कोण देतं, ते त्यांनी सांगावं.

पुढच्या सभेत विषय ठेवतोय. चाचणीला एक लहान तळं लागेल. ज्यांची तयारी आहे त्यांनी सभेआधी मला फोन करा.

— सचिव