लोण्याच्या जागी काय आले?



घरभेटीला गेलो की एक वाक्य हमखास ऐकू येते : "फादर, कोलेस्ट्रॉल वाढलंय, म्हणून अंडी नि तूप सोडलं." सोडले हे ठीक. पण लगोलग चहाबरोबर खारी, टोस्ट आणि क्रीमच्या बिस्किटांची बशी पुढे येते. ताटातून काय गेले याचा हिशेब आपण ठेवतो. त्या जागी काय आले याचा ठेवत नाही. माझ्या मते खरी मेख या दुसऱ्या हिशेबात आहे.

फिनलंडच्या पूर्वेकडील उत्तर कारेलिया प्रांताचे उदाहरण घ्या. वस्ती दूधदुभत्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांची आणि लाकूडतोड्यांची. माणसे काटक, कष्टाळू. तरीही १९७० च्या सुमारास ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने जितके तिथे मरत, तितके जगात क्वचितच कुठे मरत असतील. पावावर लोण्याचा जाड थर, सायीचे दूध, भाजी नावापुरती, वर धूम्रपान. १९७१ साली लोकांनीच सरकारकडे मदत मागितली आणि १९७२ साली डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले.

लोण्याच्या जागी त्यांनी साखर आणली नाही. मोहरीच्या कुळातील रेपसीडचे तेल आणले, कमी सायीचे दूध आणले. महिला मंडळांनी नेहमीच्याच रश्श्यात भाज्या वाढवल्या. दुधाचा धंदा बसेल म्हणून शेतकरी धास्तावले. तेव्हा काहींना बेरीच्या फळांची लागवड करण्यास हात दिला गेला. पुढील ३५ वर्षांत मध्यमवयीन पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले. धूम्रपान आणि रक्तदाबही कमी झाले, पण मोठा वाटा कोलेस्ट्रॉल उतरल्याचा होता.

असे का घडते? रक्तातील एलडीएल कोलेस्ट्रॉल उचलून घेण्याचे काम यकृत करते. लोणी, पामतेल, खोबरेल यांतील संपृक्त चरबी फार झाली की हे काम मंदावते. उरलेले कोलेस्ट्रॉल रोहिणीच्या अस्तरात शिरते. ते गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, तिथेच अडकतात आणि आतल्या आत दाह धुमसत राहतो. एके दिवशी तो थर फुटतो, रक्ताची गुठळी होते, झटका येतो. दाहाचा दोष केवढा, हे २०१७ साली दिसले. पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांवरील प्रयोगात, कोलेस्ट्रॉल न उतरवता केवळ दाह शमवणाऱ्या औषधाने झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले.

म्हणून तूप काढून मैदा आणि साखर आणली, तर हृदयाला फारसा लाभ नाही. वनस्पती तुपातील घातक ट्रान्स चरबीवर २०२२ पासून आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा आली, हे उत्तम झाले. पण पामतेलातील जवळजवळ निम्मी चरबी संपृक्तच असते.

आपल्या सीमाभागाला उपाय दूर शोधायला नको. जोंधळ्याची भाकरी, हुलग्याची आमटी, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे, बाजारात आला तर बांगडा किंवा तारली. कडधान्यांतील चोथा आतड्यातील पित्त धरून बाहेर नेतो, आणि नवे पित्त करण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्ट्रॉल खर्चावे लागते.

पण आपण करतो काय? घरच्या शेंगा विकतो आणि पामतेलाची पिशवी घेऊन परततो. हा सौदा मला पटत नाही. उसाला सारे रान देऊ नका. वर्षाच्या तेलापुरता भुईमूग आणि आमटीपुरते कडधान्य घरचे असू द्या. तेलही बेतानेच वापरा. मात्र डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

उत्तर कारेलियात सुरुवात स्वयंपाकघरातून आणि शेतातून झाली. आपल्या गावच्या सणाच्या पंगतीत ती व्हायला काय हरकत आहे?