जॉबरचे वारस

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत व्यवस्थापनाच्या पदवी-अभ्यासक्रमांचे पीक गेल्या पंचवीस वर्षांत ज्या जोमाने फोफावले, तो जोम आता ओसरू लागला आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस यांसारखे अभ्यासक्रम आपल्या मान्यतेच्या कक्षेत घेतले, राज्य सरकारने त्यांना सामाईक प्रवेश परीक्षा लावली आणि निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या. यावर मुंबईतील अनेक महाविद्यालयांनी शोधलेला तोडगा मोठा गमतीचा होता. अभ्यासक्रमावरची पाटी बदलायची आणि त्याला वाणिज्य शाखेच्या पदवीत बसवून टाकायचे, म्हणजे परीक्षेची अट आपोआप टळते! या सर्व प्रकरणात चर्चा झाली ती जागांची, शुल्काची आणि प्रवेशाची. या वर्गांत शिकवले काय जाते आणि ते कोणाच्या कामी येते, याची विचारपूस करण्याची गरज कोणाला वाटली नाही. ज्या विषयाला आज 'मानव संसाधन व्यवस्थापन' असे भारदस्त नाव मिळाले आहे, त्याच्या बाबतीत तर ती फारच निकडीची आहे.

हा विषय आपल्याकडे उगवला तो गिरणीच्या दारात. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगाराला कामावर घेणे, बदली देणे, रजा देणे आणि काढून टाकणे ही सारी सत्ता एकेकाळी जॉबरच्या मुठीत होती. बायकांच्या खात्यात तीच सत्ता नायकिणीकडे असे. काम हवे असेल तर दस्तुरी मोजावी लागे आणि टिकवायचे असेल तर मर्जी राखावी लागे. १९२९ मध्ये नेमलेल्या व ना. म. जोशी ज्याचे एक सदस्य होते त्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर नेमके बोट ठेवले आणि नोकरभरती जॉबरच्या हातून काढून स्वतंत्र 'लेबर ऑफिसर'कडे द्यावी, अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. असे अधिकारी घडवायचे तर त्यांना शिक्षण हवे, आणि ते देणाऱ्या संस्थाही याच काळात उभ्या राहिल्या. १९३६ मध्ये स्थापन झालेली, पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली गेलेली संस्था, १९४७ मध्ये मुंबई सरकारने सुरू केलेली आणि आज नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव धारण करणारी परळची श्रमविज्ञान संस्था, १९४९ मध्ये जमशेदपूरला जेझुइटांनी काढलेली झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट, या सर्वांच्या मुळाशी 'श्रम' हा शब्द होता. कामगार आणि मालक यांचे हितसंबंध भिन्न असतात, हे तेव्हा गृहीत धरलेले होते. त्या भिन्नतेतून मार्ग काढणारा माणूस घडवावा, असा हेतू होता. तो नेहमी साधला असे म्हणता येणार नाही. कल्याण अधिकाऱ्याचा पगार मालकच देत असे, आणि ज्याचा पगार खावा त्याच्याविरुद्ध साक्ष देणारे अधिकारी कोठेही विरळाच असतात.

पुढे शब्द बदलले. १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रो कंपनीत उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने 'मानव संसाधन विकासा'ची मांडणी झाली. १९८५ मध्ये तर केंद्राच्या शिक्षण खात्यालाच ते नाव देण्यात आले आणि ते २०२० पर्यंत टिकले. मराठीने या शब्दाला 'मनुष्यबळ' असा प्रतिशब्द दिला होता. त्यात निदान बळ माणसाचे आहे, एवढे तरी ध्वनित होत असे. 'संसाधन' म्हणताच माणूस कोळसा, पाणी आणि भांडवल यांच्या रांगेत जाऊन बसतो, आणि संसाधनाचा धर्म एवढाच, की ते कमीत कमी खर्चात वापरले जावे.

या दृष्टिकोनाचा ठसा अभ्यासक्रमावर उमटणे क्रमप्राप्त होते. व्यवस्थापनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हॉथॉर्नचे प्रयोग पाठ असतात. १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात दिव्यांचा उजेड कमीजास्त करून कामगारांचे उत्पादन मोजण्यात आले, आणि माणसाकडे कोणी लक्ष दिले की तो अधिक काम करतो, हा निष्कर्ष जगभर गेला. परंतु नेमक्या याच काळात मुंबईतही एक 'प्रयोग' चालू होता. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कताई खात्यातील कामगाराने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात, असे गिरणीमालकांनी ठरवले होते आणि त्याला 'रॅशनलायझेशन' असे शास्त्रीय नाव दिले होते. कामगारांनी त्याचे उत्तर १९२८ च्या सार्वत्रिक संपाने दिले. दीड लाखाच्या आसपास कामगार सुमारे सहा महिने बाहेर राहिले, त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि सरकारला फॉसेट समिती नेमावी लागली. कामाचा भार किती असावा हे कोणी ठरवायचे, हा व्यवस्थापनशास्त्राचा मूळ प्रश्न या संपाने जितक्या लख्खपणे विचारला तितका तो हॉथॉर्नमध्ये कोणी विचारलाच नाही. तरीही लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत नोकरी मिळवण्याची स्वप्ने पाहणाऱ्या विद्यार्थ्याला शिकागो ठाऊक असते, आणि पायाखालची जमीन ठाऊक नसते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या आणि त्यांतील अनेकांना बेकार करणाऱ्या संपाबद्दल त्याला फार तर आजोबांकडून काही कळते.

इतिहास शिकवला नाही म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. वार्षिक उद्योग पाहणीची आकडेवारी सांगते, की संघटित कारखानदारीतील कामगारांमध्ये ठेकेदारामार्फत घेतलेल्यांचे प्रमाण या शतकाच्या आरंभी सुमारे २० टक्के होते. आज ते ४० टक्क्यांच्या घरात आहे. चाकणच्या मोटार कारखान्यात एकाच पट्ट्यावर, एकाच हत्याराने, एकच काम करणारी दोन माणसे असतात. त्यांतील एकाचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असते, दुसऱ्याचे ठेकेदाराच्या वहीत. ज्या जॉबरला हटवण्यासाठी हा व्यवसाय जन्माला आला, तो ठेकेदाराच्या रूपाने परत आला आहे, आणि त्याच्याशी करार करण्याचे काम 'मानव संसाधन' खात्याचेच असते. तंत्रशिक्षण परिषदेने स्वतःच २०१३ मध्ये 'नीम' नावाची योजना आणली होती. तीत हजारो तरुण 'प्रशिक्षणार्थी' म्हणून उत्पादनाचे काम करत, पण कामगार म्हणून गणले जात नसत. पुढे ती गुंडाळली गेली. परंतु व्यवस्थापन-शिक्षणाचा दर्जा राखण्याची जबाबदारी आता ज्या परिषदेकडे आहे तिचा हा पूर्वेतिहास विसरण्याजोगा नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता अमलात आल्या. कामगारकपातीसाठी वा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी वीस कामगारांपासून लागू होत, त्या आता पन्नासांपासून होतात. कल्याण अधिकारी मात्र आता पाचशेऐवजी अडीचशे कामगारांच्या कारखान्यातही नेमावा लागेल, आणि ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण ती जागा भरायला येणारा पदवीधर कोणत्या तयारीने येणार?

त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. सांगोला किंवा पुसदसारख्या गावातून येणारा मुलगा, बापाने कर्ज काढून भरलेल्या शुल्कावर हे शिक्षण घेतो, ते नोकरीसाठीच. त्याला मिळणारी पहिली नोकरी बहुधा भरती-एजन्सीत दिवसभर दूरध्वनी करण्याची असते, आणि तीही करारावरची. ज्या महाविद्यालयात तो शिकला तिथे तरी वेगळे काय असते? हे अभ्यासक्रम बहुतांशी विनाअनुदानित तुकड्यांतून चालतात आणि तिथे शिकवणारा प्राध्यापक तासिका तत्त्वावर किंवा वर्षाच्या कराराने नेमलेला असतो. बहुतेक ठिकाणी त्याला उन्हाळ्याच्या सुटीचा पगार नसतो. जूनमध्ये पुन्हा बोलावणे येईल की नाही, याची शाश्वती नसते. नोकरीतील समाधान, प्रेरणा, कर्मचाऱ्याची निष्ठा यांवरची व्याख्याने तो देतो आणि झालेल्या तासांची नोंद करण्यासाठी कारकुनाच्या टेबलापाशी उभा राहतो.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना मनावर घ्यायचे असेल तर करण्याजोगे पुष्कळ आहे. वेतनचिठ्ठी वाचणे, भविष्यनिर्वाह निधीची वजावट तपासणे, अपघाताच्या नुकसानभरपाईचा अर्ज भरणे या गोष्टी विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष करून घेता येतील. कामगार संघटनेच्या कार्यालयात एक महिना काढणे हे कंपनीतील उमेदवारीइतकेच ग्राह्य धरता येईल. मंडळावर उद्योगपतींचे प्रतिनिधी घेतले जातात, तिथे कामगारांचा एक प्रतिनिधी बसवायला कोणत्याही संहितेची आडकाठी नाही. आणि ज्या महाविद्यालयाला या विषयाची मान्यता हवी असेल त्याने आधी आपल्या शिक्षकांच्या, सफाई कामगारांच्या आणि पहारेकऱ्यांच्या नेमणुका कोणत्या अटींवर केल्या आहेत याचा तक्ता सूचनाफलकावर लावावा, अशी अट परिषदेने घालावी. तो तयार करण्याचे काम पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल.